तीन वाफे गहू

अगं, अशी जवळ बस. दारातूनच ‘निघते हं आजी, आता पुढच्या सणाला येईन’ म्हणतेस, चहा तरी घशाखाली उतरू दे! तुझं घर बोळिंजला, ते काय परदेशात आहे? बस, तुझ्या पणजोबांची, म्हणजे माझ्या वडिलांची गोष्ट सांगते.

मी नाशिककडची, गव्हाच्या घरातली, आणि पडले वसईत, केळीच्या वाडीत. वडील शेत सोडून कधी माझ्याकडे आलेच नव्हते. नव्वद साल उलटल्यावर एकदा दिवाळीत त्यांचं पत्र आलं, होळीला येतो. मी उलट टपाली कळवलं, या, माझ्या हातच्या गव्हाची पोळी वाढते.

सासूबाईंनी विहिरीजवळचे तीन वाफे दिले. म्हणाल्या, “पेर बाय. पन दर्याला विचारलंस काय, गव्हाला थंडी देशील म्हणून?”

त्या वर्षी थंडी फिरकलीच नाही. पौषातसुद्धा दुपारी घाम. गव्हाला फुटवे येईनात. मला वाटलं, थंडी नाही तर निदान पाण्याने गारवा देऊ. सकाळ-संध्याकाळ पंप चालू. सासूबाई ओरडायच्या, “केळी तहानली नि तुझा गहू आंघोळ करतोय!” विजेचं बिल आलं, ते तुझ्या आजोबांनी माझ्यापुढे नुसतं ठेवलं. माघातच ओंब्या वाळल्या. मळून-पाखडून एक डबा निघाला, दाणा जिऱ्याएवढा. तेवढ्या खर्चात वाण्याकडून पोतं आलं असतं.

वडील आले. दाणे तळहातावर घेऊन त्यांनी फुंकर मारली, निम्मे उडाले. माझी मान खाली.

“किती पाणी पाजलंस?”

मी सांगितलं. ते हसले. “पोरी, आमच्याकडं निम्मं काम थंडी करते, अन् मजुरी मागत नाही. तू तिचं काम पंपाकडून करून घेतलंस, महागच पडणार.” मग हळूच म्हणाले, “यंदा आमच्याकडंही चारच दिवस आली. पाण्याच्या पाळ्या वाढवल्या, तरी दाणा हलका.”

त्या पिठाची पुरणपोळी कुठली लाटायला, कोंडाच फार. सासूबाईंनी त्यात पिकलं केळं कुस्करलं, गूळ घातला आणि तव्यावर जाड पोळ्या थापल्या. “घ्या व्याही, गहू तुमच्या लेकीचा, केळं आमचं.”

वडिलांनी तीन खाल्ल्या, चौथी मागून घेतली. जाताना म्हणाले, “पुढच्या होळीला पुन्हा.” पुढच्या होळीपर्यंत गुडघे गेले, आणि मग तेही गेले.

म्हणून म्हणते गं, पुढच्या सणावर ढकलू नकोस. येत्या रविवारी मुलांना घेऊन ये, जेवायलाच ये.