सोपानआबांची शिफारस

मळवलीजवळच्या आमच्या वाडीत कुणी परका माणूस चौकशीला आला की सोपानआबा आधी डोक्यावरची टोपी नीट करत आणि मग ज्याची चौकशी असेल त्याला श्रीमंत करून टाकत. एखाद्या मुलीला स्थळ आलं की मुलाकडची माणसं गावात शिरता शिरता पहिल्या घरी विचारपूस करतात. आमच्या वाडीतलं पहिलं घर आबांचं. त्यामुळे इथली निम्मी लग्नं त्यांच्या ओट्यावर जमली असं म्हटलं तरी चालेल. भाताची दोन खाचरं दाखवायची असली तरी ते हात असा लांबवर फिरवत, की मागचा डोंगरही त्याच घरचा वाटावा. कुणी हटकलं तर म्हणत, "मी कुटं म्हनलो त्यांचा हाय? मी नुसता दावला."

बारावीनंतर मला लोणावळ्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. कुठे काय विचारायचं हे मला अजूनही नीट कळत नाही. फी वडिलांना झेपणारी नव्हती. शासनाची शिष्यवृत्ती मिळाली तर शिक्षण, नाहीतर चुलतबहिणीसारखं चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंग, हे घरात न बोलताच ठरलेलं होतं. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. त्याच्या चौकशीला तलाठ्यांनी माणूस पाठवला. तो नवीन होता आणि अर्थातच पहिल्या घरी थांबला.

अमक्याच्या मुलीचं घर कसं आहे, एवढंच त्याने विचारलं. आबांना वाटलं, स्थळ आलं. त्यांनी त्याला चहा पाजला, माझ्या आजोबांची तालीम सांगितली, खात्यापित्या घरची पोर म्हणाले. मग वडील ज्या बंगल्याची राखण करतात त्याच्या पोहण्याच्या निळ्या तलावाकडे हात केला. "तिचा बाप दिसभर तितंच असतोय. चाव्या बी त्याच्याच कंबरंला." बंगल्याबद्दलचा शब्द न् शब्द खरा होता.

तलाठ्यांनी दाखला अडवला. बंगलेवाल्यांना शिष्यवृत्ती कशाला, असं त्यांनी मला हसत विचारलं. मी बंगला आमचा नाही म्हणाले, पण इतकं अडखळत, की मलाच ते खोटं वाटलं. अर्जाची मुदत संपत आली होती. आईला सगळं कळलं तेव्हा ती आबांच्या ओट्यापाशी जाऊन एवढंच म्हणाली, "आबा, आमाला जरा गरीब ऱ्हाऊ द्या की."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा धुतलेलं धोतर नेसून माझ्याबरोबर निघाले. तलाठी कार्यालयात पुन्हा आजोबांची तालीम निघाली. तलाठ्यांनी बरंच ऐकून घेतलं आणि विचारलं, बंगला नेमका कुणाचा?

"मुंबईच्या शेटचा."

मग हिचे वडील तिथं काय करतात?

आबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "झाडतो. तळं घासतो. शेट आला तर पगार, न्हाई आला तर न्हाई." मग टोपी पुन्हा डोक्यावर ठेवत म्हणाले, "पर मानूस लय मोठा हाय सायेब."

तलाठ्यांनी पेन उचललं. परिस्थिती हलाखीची, असं लिहितो, म्हणाले.

आबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग पुढे वाकून हलक्या आवाजात म्हणाले, "लिवा. पर मोठ्यानं वाचू नगा. पोरगी हितंच बसलीया."

दाखला मिळाला. पुढे शिष्यवृत्तीही मंजूर झाली. त्या दिवशी कार्यालयातून परतताना आबांनी मला बजावलं, की आत आपण काय बोललो ते माझ्या वडिलांना कळता कामा नये. शेजाऱ्याला कमी दाखवायची ही त्यांची पहिलीच वेळ होती.

गेल्या थंडीत आबा वारले. मी आता दुसऱ्या वर्षाला आहे. दाखला कसा मिळाला, हे वडील अधूनमधून विचारतात. तलाठी चांगले होते, असं मी सांगते.