पहिला आकडा लाभ

निघताना आयने माझ्या हातात सुक्या बोंबलाची पुरचुंडी कोंबली आणि मी ती तशीच तिच्या हातात परत कोंबली. बोईसर स्टेशनावरची गोष्ट. अंगावर मालतीबाईंनी दिलेलं पांढरं पातळ, वेण्या घट्ट बांधलेल्या, आणि मी चाललेली मुंबईला, नर्सिंग स्कूलच्या प्रवेश परीक्षेला. बोंबलाचा वास घेऊन मेट्रनसमोर उभी राहू की काय! "ने गो, तिथं काय खाशील?" म्हणत आय गाडीबरोबर चार पावलं चाललीसुद्धा. मी काही घेतली नाही. खिडकीत बसून "आहे, नाही, आम्ही, तुम्ही" असं पुटपुटत राहिले. आज आठवलं की स्वतःचाच राग येतो.

गावात राहिलेल्या माझ्या मैत्रिणींनो, तुम्हाला वाटतं मी हुशार म्हणून गेले. आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या बायांनो, तुम्हाला तर ठाऊकच आहे, हुशारी कधी कधी ऐन वेळी दगा देते. म्हणून खरं काय झालं ते लिहून ठेवते.

तेव्हा तारापूरच्या बाजूला अणुवीज केंद्राचं काम नुकतंच सुरू झालं होतं. रस्त्यावर ट्रक, बोईसरच्या बाजारात हिंदी, आणि एरवी चार घरं फिरणाऱ्या माझ्या आयला मासळी विकायला नवी बिऱ्हाडं मिळालेली. त्यातलंच एक मालतीबाईंचं. नवरा कामावर ओव्हरसियर, आणि बाई स्वतः लग्नाआधी मुंबईत नर्स होत्या. एक दिवस मी आयबरोबर टोपली घेऊन गेले. मी अकरावी पास आहे हे कळल्यावर बाईंनी हातातली कोलंबी तशीच सोडली. "अकरावी झालेली मुलगी टोपली उचलते? अगं, हिला नर्सिंगला पाठव!"

आय तयार नव्हती. एडवणचं एक स्थळ आलेलं, घरची होडी असलेलं. बाबा होडीवरून आले, जेवले, आणि इतकंच म्हणाले, "शिकते तर शिकू दे." मग आयने अट घातली. "एकदाच. या टायमाला नाय लागली, तर एडवणला हो म्हनायचं. परत तोंड वर करायचं नाय." मी हो म्हटलं. एडवणचा मुलगा वाईट नव्हता हो, बिचारा. पण मला त्याच्या होडीची वाट बघत बसायचं नव्हतं.

तीन महिने मालतीबाईंच्या ओट्यावर माझी शिकवणी चालली. हाडांची नावं, त्रैराशिक, इंग्रजी स्पेलिंग, थर्मामीटर कसा झटकायचा. पालघरला दोन खेपा घालून दाखले आणले. सगळ्यात जास्त मार मात्र माझ्या जिभेला बसला. "हाय नाही, आहे म्हण. नाय नाही, नाही म्हण." मी विचारलं, "नाही दोनदा म्हनू?" त्यांनी कपाळावर हात मारला.

मग नाडी मोजायला शिकवलं. स्वतःचं मनगट माझ्या हातात दिलं आणि घड्याळ पुढ्यात ठेवलं. "मोठ्याने मोज." मी सुरू केलं, "लाभ, दोन, तीन, चार..."

"थांब. लाभ हा कुठला आकडा?"

"पयला."

आमच्या घरात पहिल्याला कुणी एक म्हणतच नव्हतं. तांदूळ मापताना, बोंबील मोजताना, सगळीकडे लाभ, दोन, तीन. रात्रीचं वाढायच्या आधी आय आम्हा भावंडांची डोकी मोजायची, तीही तशीच. मी थोरली, म्हणजे लाभ मी. मग पांडू, मग खालची दोघं.

मालतीबाई हसून हसून दमल्या आणि मग दटावलं. "दवाखान्यात लाभ नाही नि तोटा नाही. एक म्हण." घरी येऊन मी आयला सांगितलं तर ती फणकारली. "एक म्हटलं का एकटं पडतं. पयल्याला लाभच म्हनायचा. तुज्या बाईला काय कळतंय?" मी आयशी हुज्जत घातली, तिला अडाणी म्हटलं. आता कशाला लपवू?

परीक्षेचा लेखी पेपर बरा गेला. दुपारी तोंडी. मेट्रनबाई केरळातल्या, उंच, ताठ, मराठी तोडून तोडून बोलणाऱ्या. त्यांनी मला वॉर्डात एका म्हाताऱ्या आजींच्या खाटेपाशी नेलं. एक मनगट मला दिलं, दुसरं स्वतः धरलं. "एक मिनिट. मोठ्याने."

मनात एक, एक, एक असा घोष चाललेला. पण आजींचा हात हातात आला, खरबरीत, बोटाला चिरा पडलेल्या, थेट आमच्या आयसारखा. आणि तोंडातून निघालं, "लाभ." जीभ चावली, पण नाडी काय थांबते का? दोन, तीन, चार करत मिनिट संपलं. "चौऱ्याऐंशी," मी म्हटलं.

"माझे पण चौऱ्याऐंशी," मेट्रनबाई म्हणाल्या. मी आजींचा हात खाली ठेवते तोच त्यांनी विचारलं, "पण तू एक म्हटलाच नाही. दोनपासून सुरू केला, म्हणजे त्र्याऐंशीच झाले. मग चौऱ्याऐंशी कसे? माझ्या तोंडाकडे बघून ठोकला? मोजण्यात लबाडी करणारी मुलगी मला नको. पेशंट मरतो."

"चुकले, त्र्याऐंशी" म्हटलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण लबाडी हा शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं. तीन महिन्यांची शिकवणी क्षणात पाण्यात गेली. "लबाडी नाय केली! आमच्यात पयल्याला लाभ म्हनतात. लाभ म्हंजेच एक. एक म्हटलं का एकटं पडतं, माजी आय सांगते!"

वॉर्डात सगळ्या खाटा वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मेट्रनबाई एवढंच म्हणाल्या, "परत मोज." मी परत मोजलं. दुसऱ्यांदाही लाभच आला. सवयीने आला की मी हट्टाने म्हटला, ते मला अजून सांगता येत नाही. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला जायला सांगितलं.

मी घरी येऊन आयला म्हटलं, "एडवणला निरोप दे." ती म्हणाली, "कागद येऊ दे आधी." निरोप काही तिने दिला नाही. दीड महिन्यानं कागद आला. मालतीबाईंनी वाचून दाखवला आणि मला मिठीच मारली. आय टोपलीतली मासळी उगाच खालीवर करत राहिली. "लागली म्हंजे जानार," ती म्हणाली, आणि पदराने नाक पुसलं. या खेपेला बोंबलाची पुरचुंडी मी मागून घेतली. हॉस्टेलच्या पोरींनी दोन दिवसांत फस्त केली.

मेट्रनबाईंनी मला का घेतलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण तीन वर्षं त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. "ए लाभ, ट्रे आण. ए लाभ, चार्ट भर." पोरी खिदळायच्या. मला मात्र ती हाक ऐकली की रडू यायचं. ड्यूटीवर रडायला परवानगी नव्हती, म्हणून मी बाथरूममध्ये जाऊन रडायचे.

पुढे नोकरी, लग्न, बदल्या, आणि आता सोलापूर. इथे समुद्र नाही, बोंबील मिळतात ते जुनाट. जीभ इतकी सुधारली की गावी गेले की भाचरं म्हणतात, "आत्या पुस्तकासारखी बोलते." आय गेली, मालतीबाई गेल्या. घर पांडूने सिमेंटचं बांधलं, त्यात माझी म्हणून खोली नाही. शेजारणी विचारतात, "सिस्टर, तुमचं घर नक्की कुठलं?" तेव्हा मला पहिल्या वर्षीची दिवाळीची सुट्टी आठवते.

कुणाला न कळवता गेले होते. दार उघडंच होतं, आत जेवणाची पानं मांडलेली. आय पाठमोरी, हातात भाकऱ्यांची दुरडी. वाढायच्या आधी ती डोकी मोजत होती. मला वाटलं, आता पांडू लाभ झाला असणार. मी उंबऱ्याशीच थांबले.

आय म्हणत होती, "लाभ मुंबयला. दोन. तीन. चार."