खडाववाली केझबान

आमच्या एर्बा गावात केझबानचा मार खाल्ला नाही अशी एक तरी बाई दाखवा मला. कुणी म्हणालीच तर खुशाल समजा, खोटं बोलतेय. केझबान हमामात, म्हणजे गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात, बायकांना न्हाऊ घालायची. हातात घासणी चढवली की समोर तहसीलदाराची बायको बसलीय की तंबाखू निवडणारी मजूर, तिला काही देणंघेणं नसायचं. पाठ सोलून काढायची. जरा हललं की फाडकन दंडावर.

"हलतेस कशाला गं? मळ काढतेय, जीव नाही काढत तुझा!"

दुसऱ्यांदा हललं की पायातली लाकडी खडाव हातात यायची. तरी आम्ही रांग लावायचो हो तिच्याकडे. मार खाऊन बाहेर पडलं की अंग कसं कापसासारखं व्हायचं. नवऱ्याचा मार खाऊन होतं का तसं? सांगा बरं.

ती मूळची आमच्याकडची नव्हे. एरझिंजानचं शहर भूकंपात गेलं, तेव्हा तिकडची उरलीसुरली माणसं गाड्या भरभरून आमच्या भागात आणली, त्यातली ही. मेलाहत नावाची आईवेगळी पोर होती आमच्या आळीत. तिच्या बापाचं खोगिरांचं दुकान. त्यानं केझबानला लाकडं ठेवायची खोली राहायला दिली, आणि ही बया महिन्याभरात त्या घराची आईच होऊन बसली. मेलाहतला सगळ्यात जास्त मारायची. म्हणजे तुम्ही काय ते समजा.

एरझिंजानचं ती बोलायची नाही. एकदाच बोलली, माझी पाठ घासताना. म्हणाली, "माझी लेक बाहेर आली होती गं. अंगणात माझ्यासमोर उभी होती. डोक्याला रुमाल नाही म्हणून परत आत गेली."

आणि घासणी अशी दाबली की मी किंचाळले.

"ओरड," ती म्हणाली. "तूही गेलीच असतीस. सगळ्या तसल्याच तुम्ही."

तर मेलाहतचं लग्न ठरलं. मुलगा रुक्नेत्तिन, तंबाखूच्या व्यापाऱ्याचा. गरीब स्वभावाचा, लांब कानांचा. आणि त्याची आई हुर्मुझ हानम, म्हणजे हुर्मुझ बाईसाहेब! बाई कसली, तोफ. चालायला लागली की आधी तिची छाती चौकात पोचायची आणि मग ती. लग्नाआधी नवरीचं न्हाण असतं ना, त्यासाठी हिनं दुपारभर अख्खा हमाम घेतला. लढाईचे दिवस, ऐन हिवाळा, पाव रेशनच्या कार्डावर मिळायचा, आणि हिनं द्राक्षाच्या पानांचे डोलमे पातेलंभर आणले. माझी जाऊ नाजिये लोणच्याचा रस घेऊन आली होती. आम्हा बायकांना आंघोळीच्या नावाखाली काय काय लागतं ते विचारू नका.

हमामात वाफ, ढोलकी, हसणं. मेलाहतला मधल्या गरम कट्ट्याभोवती फिरवून झालं. तिनं मोठ्यांचे हात चुंबले. मग हुर्मुझ हानम पुढे झाली. सुनेचे दंड दाबले, दात पाहिले, कमरेवर बोट फिरवलं.

"कंबर बारीकच आहे," ती म्हणाली.

केझबान पाण्याच्या दगडी कुंडीपाशी बसून पाणी ओतत होती. म्हणाली, "हानम, शेपूट वर करून बघायची राहिली की!"

सगळ्या खो खो हसल्या. नाजियेच्या नाकातून लोणच्याचा रस आला. हुर्मुझ हानम लालबुंद. "नोकराणीनं आपल्या पायरीनं बोलावं," ती म्हणाली.

"पायरीवरच बसलेय ना मी. बघा की खाली."

एवढ्यात कुंडीतलं पाणी सगळं एका बाजूला धावलं.

आधी मला वाटलं कुणीतरी धक्का दिला. मग आवाज आला. असा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. जमिनीखालून हजार बैलगाड्या एकदम आमच्यावर येतायत असा. जमीन वरखाली नाही हो हलली. एका बाजूला ओढली. सतरंजी खालून खेचावी तशी. उभ्या होत्या त्या सगळ्या संगमरवरावर आपटल्या. माझा खांदा निखळला. घुमटातली काचेची भिंगं सुटून खाली पडायला लागली, एकेक भिंग सुरीसारखं. ढोलकीवालीच्या डोक्यात एक घुसलं आणि ती ढोलकीवरच पालथी झाली. मधला कट्टा तडकला, त्यातून उकळती वाफ फुसकन वर आली. एकीची मांडी भाजून निघाली.

"बाहेर!" केझबान ओरडली. "बाहेर व्हा, रांडांनो!"

आणि आम्ही काय केलं? आम्ही बाहेरच्या खोलीत धावलो ते आपापल्या गाठोड्यांकडे. कपड्यांकडे! छपराची तुळई लोंबकळतेय, भिंतीतून विटा सुटतायत, आणि चाळीस बाया वाकून आपापली गाठोडी शोधतायत. "हा माझा नाही," "माझा निळा पंचा कुठंय," अशी भांडणं सुद्धा झाली. हसू नका. तुम्हीही तेच केलं असतं. दाराबाहेर बाजार होता. बाजारात पुरुष होते.

दार उघडं होतं. पण दारात हुर्मुझ हानम दोन्ही हात पसरून उभी. तिला स्वतःला कुठून तरी पंचा सापडला होता.

"माझी सून नागडी रस्त्यावर जाणार नाही!" ती ओरडत होती. "मेली तरी चालेल, अब्रूनं मरेल! मेलाहत, कपडे घाल आधी!"

आणि मेलाहत, ती वेडी पोर, वळली. खरंच वळली. गाठोड्याकडे.

केझबाननं तिला केसांनी धरलं. मनगटाला केस गुंडाळले, दावणीचं जनावर ओढावं तशी ओढत दारापर्यंत आणली. पोर पाय झाडत होती, बोचकारत होती, "सोड, मावशी, सोड, लाज वाटते मला," म्हणून रडत होती.

"हानम, बाजूला हो," केझबान म्हणाली.

"नाही होणार!"

केझबाननं खडाव काढली आणि हुर्मुझ हानमच्या तोंडावर हाणली. कडकन. पुढचे दात तुटले ते मी डोळ्यांनी पाहिले. हानम मागे पडली ती थेट रस्त्यावरच, आणि तिच्या अंगावरून मेलाहत फेकली गेली. मग केझबान पुन्हा आत आली. हाताला येईल तिला हाणत सुटली. पाठीत, ढुंगणावर, कानाखाली. मला निखळल्या खांद्यालाच धरून भिरकावलं. मी बर्फात नाकावर पडले. मागून आणखी दोघी माझ्यावर.

नाजिये आतच होती. मला दिसत होती दारातून. तिला तिचा पंचा सापडला होता. ती तो छातीशी घेऊन गाठ मारत होती. बोटं ओली, गाठ बसेना.

"नाजिये!" मी ओरडले. "सोड ना तो!"

"आले, आले," ती म्हणाली. "गाठ तेवढी मारते."

दुसऱ्या हिसक्याला घुमट आणि छप्पर दोन्ही आलं खाली. केझबान उंबऱ्यावर होती, धुळीच्या लोटानं तिला बाहेर थुंकून टाकलं. नाजियेला आम्ही नंतर काढली तेव्हा गाठ मारून झालेली होती. चांगली घट्ट मारलेली.

बाहेर तरी काय होतं? बाजार उरलाच नव्हता. पडलेल्या घरांतल्या शेगड्या पेटल्या होत्या, लाकूड धडधडत होतं, आतून माणसं ओरडत होती आणि मग ओरडायची थांबत होती. आणि त्या सगळ्यात आम्ही, जन्माला आलो तशा, रक्तानं आणि साबणानं माखलेल्या, बर्फात उभ्या. पुरुष बघत राहिले. क्षणभरच. मग चांभार म्हाताऱ्यानं पाठ फिरवली, अंगातला कोट काढला आणि उलट्या पावली चालत आमच्याकडे आला, हात मागे करून. त्याचं बघून बाकीचेही. पेटत्या गावात पुरुष पाठमोरे चालत येतायत आणि कोट मागे फेकतायत. एक जण उलटा चालता चालता पडक्या भिंतीला अडखळला आणि त्याचं डोकं फुटलं, तरी पठ्ठ्यानं मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे गावाबाहेर, तंबाखूच्या मोकळ्या वावरात. वावराचं कुंपण मधोमध तुटून पुरुषभर पलीकडे सरकलं होतं, पण ते बघायला कुणाला वेळ होता? मुडदे ओळखायचे होते. आणि तेवढ्यात हुर्मुझ हानम तोंडाला फडकं बांधून उभी राहिली.

"लग्न मोडलं," ती म्हणाली. दात नसल्यानं फुसफुसत होती. "अख्ख्या बाजारानं पाहिलेली मुलगी माझ्या घरात नको. आणि ही बाई! हिनंच भूकंप एरझिंजानहून गाठोड्यात बांधून आणला. जिथं जाते तिथं जमीन फाटते!"

माणसं दुःखानं पिसाळलेली असतात हो. कुणाला तरी मारायचंच असतं. एक दगड आला आणि केझबानच्या कपाळावर बसला. भळभळ रक्त. मेलाहत मधे धावली, केझबाननं तिला कोपरानं ढकलून दिली.

"गप बस तू! गप बस!" मग लोकांकडे वळली. "मारा की आणखी. पण आधी एक सांगा. कुणी पाहिली माझ्या या पोरीला नागडी? पुढे व्हा."



त्या सकाळी सैन्याच्या गाडीतून पाव आला होता. केझबाननं एक उचलला, रक्तानं माखल्या हातांनी, आणि एकेका पुरुषापुढे जाऊन उभी राहिली.

"ठेव हात. बोल, पाहिलीस?"

पावावर हात ठेवून आमच्याकडे कुणी खोटं बोलत नाही. आणि त्या वर्षी तर नाहीच, भुकेली माणसं सगळी. चांभार म्हातारा आधी आला. त्यानं हात ठेवला. 

"धूळ होती," तो म्हणाला. "मला काही दिसलं नाही. खोटं बोललो तर हा पाव मला बाधो."

त्यानं पाहिलं होतं. सगळ्यात पुढे तोच तर उभा होता! न्हावी आला. "धूळ होती." लोहार, ज्याची बायको आणि दोन पोरं त्या सकाळीच पुरली होती, तो आला. "धूळ होती, बाई." एकामागून एक, अख्ख्या बाजारानं पावावर हात ठेवून खोटी शपथ घेतली. ज्यानं दगड मारला होता तोही आला, खाली मान घालून. केझबाननं त्याची शपथ होऊ दिली आणि मग त्याच्या कानाखाली वाजवली.

शेवटी राहिला रुक्नेत्तिन. तोही होता बाजारात. आईला उचलायला तोच धावला होता.

"ठेव हात," केझबान म्हणाली.

त्यानं ठेवला नाही.

"मी पाहिली," तो म्हणाला.

 हुर्मुझ हानमनं फडक्याआडून "हाय अल्ला" केलं. मेलाहत चांभाराच्या कोटात होती, कोट गुडघ्यापर्यंत, आणि पाय फाटून रक्ताळलेले. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"काय पाहिलंस?" तिनंच विचारलं.

"तू जिवंत बाहेर आलीस ते पाहिलं," तो म्हणाला. "आणि आई दारात तुला अडवून उभी होती. तेही पाहिलं मी."

आईनं त्याला मारायला हात उचलला. केझबाननं तो हवेतच पकडला. पिरगाळला नाही, काही नाही. नुसता धरून ठेवला.

"या एका पोरावर तेवढा हात टाकायचा राहिलाय माझा," ती म्हणाली, "पण आता माझ्याच्यानं होत नाही." आणि ती खाली बसली. आम्ही कुणी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. ती आवाज न करता रडायची, बरं का, एवढी मोठी बाई असून.

इमाम दिवसभर माणसं पुरत होता. हात मातीनं भरलेले. मेलाहत आणि रुक्नेत्तिनचा निकाह लावायला त्याला बोलावलं तर म्हणाला, "लवकर करा, नाजियेचं अजून व्हायचंय." माझ्या जावेच्या कबरीपाशी फावडं रोवून तो आला, चार शब्द बोलला, आणि परत फावडं उचललं. मेलाहतच्या केसांत हमामाच्या भिंतीचा चुना तसाच होता. धुवायला पाणी नव्हतं, आणि न्हाऊ घालणारीनं त्यानंतर दिवसभर कुणालाच हात लावला नाही.