रेट्रो हॉटेल आणि घरची भाकर

"मॅडम, तुमचं डिझाइन फेल गेलं." सलीम एसटीडी बूथवरून बोलत होता. मागे ट्रकचे हॉर्न वाजत होते. "हॉटेल चालू होऊन आठवडा झाला. समोर कापसाच्या बंड्यांची लाईन लागली आहे अन् माझी स्टुलं रिकामी!"

मला राग आला. काम मनापासून केलं होतं. "डिझाइन फेल जात नसतं, धंदा फेल जातो," असं म्हणून मी फोन आपटला. आणि संध्याकाळच्या एसटीनं यवतमाळहून दिग्रसला निघाले. काय करणार, खोड!

मी इंटेरियर डिझायनर. दुकान, हॉटेल, घर आतून कसं असावं ते कागदावर काढून देणारी आणि मग सुतार-गवंड्यांच्या डोक्यावर बसून करून घेणारी बाई. त्या काळी यवतमाळात हे सांगितलं की लोक पडद्यांचा भाव विचारायचे. शिवाय कापसाचे भाव पडलेले. एका माणसाचा कापूस पडला की सगळ्या बाजारपेठेचं तोंड पडतं. सजावट कोण करतो? त्यामुळे सलीम आला तेव्हा मी नाही म्हटलं नाही.

सलीम दुबईत रात्रभर चालणाऱ्या एका अमेरिकन थाटाच्या हॉटेलात नोकरीला होता. बापाशी भांडून गेलेला. परत आला तो तसंच हॉटेल दिग्रसला काढायचं डोक्यात घेऊन. काळ्या-पांढऱ्या फरशा, लाल रेक्झिनची उंच स्टुलं, भिंतीवर रेकॉर्डी, जुनी गाणी. 'रेट्रो' हा त्याचा शब्द. रेट्रो म्हणजे नवे पैसे घालून केलेलं जुनं.

जागा घरचीच होती. सरकार जिथे शेतकऱ्यांचा कापूस विकत घ्यायचं, त्या संकलन केंद्रासमोर त्याचे वडील गफूरचाचा वर्षानुवर्षं रात्रीचं हॉटेल चालवत होते. कापसानं भरलेल्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, रात्र-रात्र लाईनीत उभ्या राहायच्या आणि माणसं चाचांकडे जेवायची. लाकडी बाकं, कळकट टेबलं, कोपऱ्यात खरखरणारा रेडिओ.

मी मोजमाप घेत होते तेव्हा चाचा म्हणाले, "बाई, जुनं दिसाले एवढा खर्च कायले? मलेच उभं करा ना मधात!"

मी खळखळून हसले. सलीम हसला नाही. चाचा लगेच गप्प झाले आणि नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तो म्हणते तसंच करा. पोरगं घरी थांबून राह्यलं, मले दुसरं काही नाई पाह्यजे. हॉटेल चाललं नाई तं तो परत दुबईले जाईन." एवढा धिप्पाड माणूस, मुलासमोर अगदी पाहुण्यासारखा वागत होता.

तर त्या रात्री मी पोचले. हॉटेल चकाचक. सलीम एकटा काउंटरमागे. रस्त्यापलीकडे बंड्यांची रांग आणि चाकांना टेकून कोरडी भाकर कांद्याबरोबर चावणारी माणसं.

"उजेड जास्त आहे," मी सांगितलं. "माणूस बुजतो." अर्धे बल्ब काढले. कोणी आलं नाही.

"मग हा काचेचा दरवाजा. उघडा ठेवून बांध." बांधला. एक म्हातारबुवा आले, चपला बाहेर काढल्या, बगलेतलं फडकं घट्ट धरलं, दाराकडे पाहिलं आणि चपला घालून परत गेले.

"झालं समाधान?" सलीम म्हणाला. "मी सांगतो मॅडम, पुढच्या महिन्यात तिकीट काढतो. इथं माझं काही होत नाही. अब्बा तोंडातून शब्द काढत नाहीत. चांगलं नाही, वाईट नाही, काहीच नाही."

मी तरातरा रस्ता ओलांडला. एका बंडीपाशी एक मावशी बैलांना कडबा टाकत होती.

"मावशी, समोर जेवायला का जात नाही?"

"कायले जाऊ? तिथं आमची भाकर चालत नाई म्हणते."

"कोण म्हणतं?"

"बोर्ड म्हणते."

मी वळून पाहिलं. दाराशेजारी पाटी होती: बाहेरील खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई आहे. सलीमनं मोठ्या हॉटेलात असते म्हणून पेंटरकडून करून घेतलेली. शहरात ती इतक्या ठिकाणी असते की आपण वाचतच नाही.

"आम्ही वाचतो बाई," मावशी म्हणाली. "इथं सारं बोर्डावरच तं चालते. आज खरेदी बंद. ओला कापूस घेणार नाई. नाई वाचलं तं बंडी घेऊन घरी जा!"

मग तिनं समजावून सांगितलं. लाईन किती लांबेल याचा नेम नाही, म्हणून बाया घरून ज्वारीच्या भाकरी बांधून देतात. दुसऱ्या रात्री त्या पापडासारख्या होतात. चाचा त्या तव्यावर पाणी शिंपडून गरम करून द्यायचे. विकत घ्यायचा तो फक्त पाटोडीचा रस्सा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा झणझणीत, तर्रीवाला रस्सा. या लाईनीत जेवणाची रीतच ती होती.

"बरोबर बोलून राह्यली ती," अंधारातून आवाज आला. गफूरचाचा! बंडीच्या जुवावर बसून चहा पीत होते.

"चाचा, तुम्हाला माहीत होतं?"

"पह्यल्या दिवसापासून."

"मग सलीमला सांगितलं काहून नाही?" रागाच्या भरात मीही वऱ्हाडीत घसरले.

"मागं एकदा सांगतलं होतं काही. तं पोरगं विमानात जाऊन बसलं." त्यांनी कप जुवावर ठेवला. "तुमी सांगा. तुमचं ऐकते तो."

"मी डिझायनर आहे चाचा, मध्यस्थ नाही."

"तं डिझाइनमधी सांगा."

मी परत आले.

"सलीम, दुबईला तवा कुठे होता?"

"समोर. गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे."

"मग इथे तो मागे काय करतोय? दारात आण. लोकांच्या भाकरी गरम करून दे. आणि ती पाटी काढ."

"भाकर त्यांची, मग मी विकू काय?"

"रस्सा."

"अब्बांनी सांगितलं ना?"

"हे माझं डिझाइन आहे," मी बेधडक ठोकून दिलं.

"मॅडम, तुम्ही मघाशी बल्ब काढून राहिल्या होत्या."

पण पाटी त्यानं स्वतः उपटली. मग रस्त्यापलीकडे जाऊन बापापाशी उभा राहिला. काय बोलला ते ट्रकच्या आवाजात मला कळलं नाही. परतला तेव्हा मागे चाचा होते आणि त्यांच्यामागे फडकी घेतलेली माणसं.

तवा दारात लागला. भाकरीचा खमंग वास सुटला तशी रांगेतून आणखी माणसं उठली. ती बसली खाली, माझ्या काळ्या-पांढऱ्या फरशांवर ऐसपैस मांडी घालून. लाल स्टुलांवर त्यांनी गाठोडी ठेवली. माझा जीव तुटला.

चाचांनी रस्सा चाखला. तोंड वाकडं झालं. सलीमकडे पाहिलं, गिळला, पुन्हा पाहिलं. आणि राहवलं नाही.

"अबे सलीम, ये रस्सा है के बैलों का पानी? कांदा भूना नहीं क्या, गधे?"

सलीम चिमटा हातात धरून तसाच उभा. मी पर्स उचलली. म्हटलं, संपलं, गेला हा दुबईला.

"तो आप भूनो ना!" सलीम ओरडला. "कब से राह देख रहा हूँ, कुछ तो बोलोगे! अकेले से नहीं होता मेरे से!"

चाचा उठले, बाह्या वर केल्या आणि आत गेले. मग दोघं जे भांडायला लागले ते मी निघेपर्यंत थांबले नाहीत. मीठ, तिखट, गॅस, सगळ्यावरून. मला रडू आलं. आलं तर आलं.

सलीम दुबईला गेला नाही. मी मात्र त्या दिवसापासून एक शिकले. क्लायंट म्हणाला डिझाइन फेल गेलं, की आधी घरात कोण कोणाला काय बोलत नाही ते बघावं, भिंती नंतर. आणि फी आगाऊ घ्यावी; बाप-लेक बोलायला लागले की डिझायनर कोणाला आठवत नाही.