मुनादीवाला साडू

माझ्या साडूइतका निरुपद्रवी माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि त्याच्याइतका जिवाला ताप देणाराही. कुरुंद्यात घरी बसून तो पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचे प्रोग्रॅम लिहितो. सारं गाव हळद शिजवण्यात बुडालेलं असतं आणि हा खिडकी लावून कॉम्प्युटरपुढे. धंद्यातला एक नियम त्याच्या अंगात भिनलाय: फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा एकेक तुकडा, शुद्ध पाहिजे. तोच प्रश्न तर तेच उत्तर, आणि आजूबाजूच्या कशालाही धक्का नको. धक्का लागला की तो 'साईड इफेक्ट'. आमच्याकडे आला की दिवाणाच्या कडेला टेकतो, आणि उठताना चादरीवरची सुरकुती हातानं मोडतो. "अहो, बसल्याची खूण तरी राहू द्या," म्हटलं तर म्हणे, "काहून उगंच तकलीफ!"

एकदा मी वैतागून विचारलं, "कशालाच धक्का न्हाई, तर तुमचा प्रोग्रॅम करतो तरी काय, माती?" त्या दिवशी गडी खुलला. "धक्क्याबिगर काम कसं होईल, साडूभाऊ? फक्त ते लगेच करायचं न्हाई. काय करायचं ते गुंडाळून ठेवायचं, एकामागं एक बराबर जोडायचं, अन् शेवटी एकदाच सुरू करायचं. त्याला मोनाड म्हणतात." आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई शेजारी लसूण सोलत होत्या. कानानं जरा मंद. "मुनादी?" त्या म्हणाल्या. त्यांच्या लहानपणी दवंडीला मुनादीच म्हणत. "बया! मुनादीचं काम करतो, अन् तोंडातून शब्द न्हाई!" आम्ही हसून लोळलो. पण म्हातारी फारशी चुकली नव्हती. दवंडीत काय होणार ते कळतं, होणं वेगळं.

माझी मेहुणी, म्हणजे त्याची बायको, रोज विचारायची, "भाजी कशी झाली?" हा म्हणायचा, "बरी." एक दिवस तिनं मुद्दाम मीठच घातलं नाही. "कशी झाली?" "बरी." ती उठली आणि दुपारच्या गाडीनं माहेरी, आखाडा बाळापूरला निघून गेली. माझ्या बायकोला फोनवर म्हणाली, "अक्का, मी त्या घरात हाय का न्हाई, तेच कळंना मला. नुसतं 'चल' म्हणू दे त्यांना, तश्शी येते."

मी हे त्याला जसंच्या तसं सांगितलं. त्याच्या घरात ओट्यावर एकच ताट पालथं घातलेलं. "बोलायचं सगळं तयार हाय," तो म्हणाला. "आधी माफी, मंग मिठाचं, मंग 'चल'. जोडून ठेवलंय." "अहो, मग बोला की!" "बोलतो की." असं करता करता दिवाळीही गेली. शेवटी मीच त्याला मोटरसायकलवर घातलं आणि बाळापूर गाठलं.

मेहुणीनं पाणी आणलं. "तब्येत बरी हाय ना?" "बरी." मग चहा. "साखर?" "बराबर." ती तिथंच उभी राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. हा कपात बघत बसला. मी खाकरलो, खोकलो, पायानं डिवचलं. काही नाही! ती आत गेली तेव्हा दाराआड कपड्यांची भरलेली पिशवी मी डोळ्यांनी पाहिली. हा उठला, सासूबाईंच्या पाया पडला आणि गाडीपाशी जाऊन उभा.

गाव मागं पडल्यावर मला राहवेना. "पिशवी भरून ठेवली होती हो तिनं," म्हणालो. तो मागून पुढं झुकला. मग हळूच म्हणाला, "म्हंजे तिचंबी तयार हाय? मंग सुरू कोण करणार?"

मी करकचून ब्रेक दाबला. "उतरा! अन् जा मागं, पायी!" तो उतरला. बाळापूरकडं तोंड करून रस्त्याच्या कडेला उभा राहिला. ट्रक गेले, उसाचं ट्रॅक्टर गेलं. एकदा त्याचे ओठ हललेलेही मला दिसले. मग तो वळला आणि मुकाट्यानं माझ्या मागं येऊन बसला. मला त्याचा इतका राग कधी आला नव्हता. पण मी किक मारताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, जरा घट्टच, आणि घर येईपर्यंत काढला नाही.