डाव्या बुटाचं टोक

माझ्या बाबांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत. रस्त्यात कोणी हाक मारली की ते आधी त्याच्या पायांकडे बघतात आणि मग म्हणतात, "अरे, तुम्ही होय!" लाज आणतात अगदी.

पण त्याला कारण आहे. इस्पितळाच्या तळघरात त्यांची खोली आहे. एक पाय आखूड, टाच वाकडी, तळवा सपाट, अशा माणसांसाठी ते बूट बनवतात. खोलीला एकच खिडकी, तीही छताला टेकलेली. तिच्यातून बाहेरच्या वाटेने जाणाऱ्यांचे गुडघ्याखालचे पाय तेवढे दिसतात. चौतीस वर्षं त्यांनी जग एवढंच पाहिलं.

माणसाला उभं करून माप घेण्यावर त्यांचा विश्वास नाही. "माप घेताना सगळे शहाण्यासारखे ताठ उभे राहतात," ते म्हणतात. "जुना बूट आणा. तो खोटं बोलत नाही." जुना तळ सोलून काढला की त्यावर पेन्सिलीने तारीख टाकायची आणि तो तारेत ओवून ठेवायचा, ही त्यांची शिस्त. घरच्यांचे बूटही त्यातून सुटले नाहीत. मी सातवीत असताना त्या तारेवरचे तळ दाखवून त्यांनी मला चाल वाचायला शिकवलं. टाच आधी बाहेरच्या कडेवर टेकते, म्हणून तिथे झीज. मग भार कडेकडेने पुढे सरकतो आणि अंगठ्याखालून रेटा देऊन पाय सुटतो, म्हणून तिथे झीज. मागचा पाय पुढे येताना मात्र बुटाचं टोक जमिनीपासून जेमतेम बोटभर वरून जातं.

"बोटभर! तेवढं अंतर राखायला नडगीवरचा स्नायू दिवसभर राबतो," बाबा सांगायचे, "आणि कोणाला त्याची आठवणही नसते." त्या स्नायूने मान टाकली की टोक घासायला लागतं. रेटणाऱ्याचा बूट अंगठ्याखाली झिजतो, घासणाऱ्याचा अगदी टोकाला. हा फरक मला सातवीत कळला होता. म्हणून तर माझा संताप होतो.

आई त्याच इस्पितळाच्या धुलाईघरात. चादरींची ट्रॉली ढकलत दिवसातून चारदा त्या खिडकीवरून जायची. इतरांचे पाय दिसले की बाबा मनातल्या मनात ते दुरुस्त करायला घ्यायचे. आईचे दिसले की हातातलं काम ठेवून नुसते बघत बसायचे.

गेल्या वर्षाच्या आधीच्या वर्षी आईच्या डाव्या बुटाचं टोक झिजलं. बाबांनी नवा तळ चढवला. तीन महिन्यांनी पुन्हा तेच. मग त्यांनी टोकाला पोलादी नाळ ठोकली.

"ट्रॉली रेटतेस ना, म्हणून होतंय," ते म्हणाले. "आणि जरा पाय उचलून चालत जा. म्हातारी झालीस की काय?"

"तुमच्या आधी नाही होणार," आई म्हणाली. आम्ही तिघंही हसलो.

नाळ फरशीवर वाजायला लागली. वॉर्डातले पेशंट माना वळवून बघतात म्हणून आईला संकोच वाटे. तेव्हा बाबांनी आपली सगळी करामत पणाला लावली. तळाचा पुढचा भाग होडीच्या नाकासारखा वर उचलला, टाच किंचित चढवली. आवाज बंद. आई एकदाही अडखळली नाही. अडखळली असती, गुडघा फुटला असता, तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी तिला डॉक्टरकडे नेलं असतं. दुखत तर काहीच नव्हतं.

ती पडली ती घरात, अनवाणी. स्वयंपाकघरात येताना पाऊल फट्‌कन आपटलं आणि पुढच्याच पावलाला अंगठा पायपुसण्यात अडकला. मी तिला उठवून भिंतीला धरून उभं केलं. म्हटलं, "आई, टाचांवर उभी राहून दाखव." उजवा चवडा वर गेला. डावा जमिनीलाच चिकटून राहिला. बाबा दारात उभे होते.

कमरेच्या मणक्यात शीर दबली होती. "ऑपरेशन करू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण पाय कितपत परत येईल, ते शीर किती दिवस दबलीय त्यावर आहे. कधीपासून होतंय हे?"

"झाले असतील दोनेक महिने," आई म्हणाली.

बाबांनी पिशवीतून तार काढली. आईचे पाच डावे तळ त्यांनी तारखेप्रमाणे टेबलावर मांडले. "चौदा महिने," ते म्हणाले.

बाईंनी पहिला तळ उचलून टोकावर अंगठा फिरवला. मग दुसरा. "हे दुरुस्त कोण करत होतं?"

"मी."

"तुम्ही काय काम करता?"

"हेच," बाबा म्हणाले.

बाईंनी तळ परत टेबलावर ठेवला. आई बाबांकडे बघतच राहिली.

मी मात्र जिन्यात गाठलंच बाबांना. "तुम्हीच शिकवलं होतंत मला!" मी ओरडले. लोक बघत होते, बघू देत.

"दिसलं होतं गं मला," ते कठडा धरून म्हणाले. "दुसऱ्या कोणाचा बूट असता तर त्याला हाताला धरून वर डॉक्टरांकडे नेलं असतं. तिच्या बाबतीत वाटलं, मी नीट केलं की नीट होईल."

मला रडू कोसळलं.

ऑपरेशन झालं. व्यायाम सुरू झाले, ट्रॉलीचं काम सुटलं. बाबांनी नवे बूट करून आणले. आईने डावा उलटून पाहिला.

"अहो, नाळ विसरलात?"

"नाही लावली. टोकही उचललं नाही."

"मग घासेल की. अडखळेन मी."

"मी असेन शेजारी. घासू दे. नाहीतर मला पुन्हा कळणार नाही."

दोन महिने दोघं रोज सकाळी आमच्या गल्लीत चालले. बाबांचा हात तिच्या कोपराखाली, आणि डाव्या बुटाची खर्र खर्र घरात मला ऐकू यायची. मग एका रविवारी बाबांनी तळ सोलून काढला आणि तारीख टाकली. तारेत ओवण्याआधी आईच्या हातात दिला. आजवर काढलेला तळ त्यांनी कधी तिला दिला नव्हता.

आईने त्याच्या टोकावरून अंगठा फिरवला, मग तारेवरच्या तिच्या जुन्या तळाच्या टोकावरून. बराच वेळ फिरवत राहिली.

"झीज तेवढीच आहे," ती म्हणाली.

"हो," बाबा म्हणाले. "तेवढीच आहे."