तेलापियाच्या पंगतीत इलिश

ज्या घरात मासा कधी उंबऱ्याच्या आत आला नाही, त्या घरातली मी कलकत्त्यात माशांच्या रक्तावर संशोधन करत होते. संध्याकाळी आंघोळ केल्याशिवाय आई मला स्वयंपाकघराकडे फिरकू देत नसे.

काम तसं सोपं होतं. माशाच्या रक्ताचे थेंब ग्लिसरीनच्या पाण्यात सोडायचे. ग्लिसरीनचे कण तांबड्या पेशीच्या आवरणातून आत शिरतात, मागोमाग पाणी शिरतं, पेशी फुगून फुटते आणि गढूळ नळी आरपार दिसू लागते. नळीमागे वर्तमानपत्र धरायचं. अक्षरं वाचता आली की स्टॉपवॉच दाबायचं. वेळ जितका कमी, तितकं आवरण सैल. "पेपर वाचायला डॉक्टरेट देतात होय? तुझे वडील रोज फुकट वाचतात," आई म्हणायची.

आमच्या सरांचा सिद्धान्त असा, की मासा जितका खानदानी तितकं त्याच्या पेशीचं आवरण कडक. तेलापिया हा डबक्यातला, परका मासा. त्याच्या पेशीत कोणीही घुसावं. रुई, म्हणजे रोहू, त्याहून बरा. (रक्त काढलेले रुई प्रयोगशाळेतून कुणाच्या स्वयंपाकघरात जात, याची नोंद कुठल्याच वहीत नसे.) आणि सर्वांत वर बंगाल्यांचा जीव की प्राण असलेला इलिश. पण इलिश पाण्याबाहेर आला की मरतो. बाजारात पोचेपर्यंत त्याचं रक्त कामातून जातं. प्रबंधाचं तेवढं एक प्रकरण राहिलं होतं.

त्यातच वडिलांची बदलीची ऑर्डर आली. दोन महिन्यांत नागपूर. इलिशशिवाय सर सही करणार नव्हते आणि मला एकटीला मागे ठेवायला घरचे तयार नव्हते. सही मिळाली नसती तर चार वर्षं वाया.

शेवटी एका रविवारी वडीलच मला लोकलने नदीकाठच्या बजबजला घेऊन गेले. आम्ही कोळ्याच्या नावेत बसलो. जाळं वर आलं की मी तडफडणाऱ्या इलिशच्या शेपटीत सुई खुपसायची आणि वडिलांनी डोळे घट्ट मिटून घ्यायचे. मग मी वर्तमानपत्रासमोर नळी धरी, ते चष्मा सावरून तिच्यातून बघत बसत आणि एकाएकी ओरडत, "दिसला! अग्रलेख दिसला!"

"बाबू, मासा घ्यायचा नव्हता तर पेपर घरीच वाचायचात," नावाडी म्हणाला.

सात इलिश झाले. वडिलांनी सातही माशांच्या वेळा आपल्या कचेरीतल्या वळणदार अक्षरात लिहिल्या आणि खाली सही ठोकली. आकडे थोडे इकडेतिकडे होते, पण सरासरी थेट तेलापियाइतकी.

"अशक्य!" सर म्हणाले. "इलिश आणि तेलापिया एका पंगतीत? नाव हलत असणार. तुझ्या वडिलांना नीट दिसलं नसणार. पुन्हा विचार कर."

पुन्हा प्रयोग कर, असं ते म्हणाले नाहीत. मी दोन दिवस विचार केला आणि कमी वेळाचे चार मासे गाळून टाकले. उरलेल्या तिघांत इलिश पुरेसा खानदानी निघाला. सरांनी त्याच दिवशी सही केली. मला इतका आनंद झाला, की येताना मी संदेश मिठाईचा डबा घेऊन आले. त्या आनंदाची आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

नागपूरला वडील येईल त्याला सांगत, "हिच्या प्रबंधातले इलिशचे आकडे माझ्या डोळ्यांनी घेतलेले आहेत बरं का!" एकदा पाहुण्यांना दाखवायला म्हणून त्यांनी ते पान उघडलं. तक्त्यावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. पाहुणे गेल्यावर मला विचारलं, "अगं, इथे तीनच आहेत. बाकीचे चार?"

"नाव हलत होती, बाबा," मी म्हणाले. "तुम्हाला नीट दिसलं नव्हतं."

"असेल," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून डोळे तपासून घ्यायला गेले.